गोटुलातलं भाषण

वक्तृत्व स्पर्धेचं पत्रक आलं की माझं डोकं फिरतं. एटापल्लीच्या पलीकडच्या एका आश्रमशाळेत मी मराठी शिकवते, बारा वर्षं झाली. दरवर्षी तेच पत्रक आणि तेच विषय. वाचनाचं महत्त्व, पर्यावरण वाचवा, माझ्या स्वप्नातला भारत. आणि दरवर्षी हेडमास्तर ते पत्रक माझ्या टेबलावर ठेवून म्हणतात, "मॅडम, दोन पोट्टे तयार करून ठेवा." जसं काही पोट्टे म्हणजे लोणचं. फोडी केल्या, मीठ लावलं, बरणीत भरले, झाले तयार.

एकदा सहावीतल्या एका पोरीला 'झाडे लावा' या विषयावर बोलायला उभं केलं. दोन वाक्यं बोलली आणि थांबली. म्हटलं, काय झालं गं, विसरली? तर म्हणते, "मॅडम, कुठी लावाचे? इथी जागाच नाई." वर्गाच्या खिडकीतून पाहिलं तर सागाची आणि येनाची झाडं अंगावर येतील अशी उभी. मी काय उत्तर देणार, कपाळ? तरी म्हटलं, "तू बोल ना बाई, परीक्षक शहरातले आहेत."

भाषणाचं शास्त्र मी पोरांना मन लावून शिकवायचे. भाषण म्हणजे समोरच्याला पटवणं, गोड बोलून नव्हे, बांधून बोलून. पहिल्या वाक्याला लोकांनी मान वर केली पाहिजे. मग एक प्रश्न टाकायचा, पण उत्तराची वाट पाहत बसायचं नाही. उत्तर आपणच द्यायचं, लोकांना वाटतं आपल्या मनातलंच बोलली. मुख्य गोष्ट तीनदा सांगायची. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यात पाहायचं. शेवट असा करायचा की टाळी पडलीच पाहिजे, टाळी पडली म्हणजे पटलं. हे सगळं मी फळ्यावर लिहून द्यायचे, आणि पोट्टे ते वहीत सुबक उतरवून घ्यायचे. बोलायला उभे राहिले की मात्र हात मांड्यांना चिकटलेले आणि नजर पायाच्या अंगठ्यावर. आमच्या पोरांना मोठ्या माणसाच्या डोळ्यात पाहून बोलायची सवय नाही, घरी तो उर्मटपणा समजतात. मी ओरडायचे, "वर पाहा, वर." तर ते छताकडे पाहायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. मी शाळेतून खोलीवर येऊन भांडी आपटायचे.

म्हणून आठवीतली एक पोरगी माझ्या हाताला लागली तेव्हा मला हायसं वाटलं. शाळेपासून आठ-दहा किलोमीटरवरच्या, माडिया आदिवासींच्या गावातली. जे सांगाल ते धरायची. प्रश्न कुठे टाकायचा, श्वास कुठे घ्यायचा, हात केव्हा उचलायचा, सगळं. नववीत असताना तालुक्याला दुसरा नंबर आणला तिनं, आणि माझी छाती अशी फुगली की हेडमास्तरसुद्धा म्हणाले, मॅडम, बक्षीस तुमाले भेटलं का तिले? दहावीला तिला चांगले मार्क पडले. तिला पुढं विज्ञान शिकायचं होतं. नर्स व्हायचं होतं.

निकालानंतर चार दिवसांनी ती माझ्या खोलीवर आली. दारातच बसली, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "मॅडम, मले गावासमोर बोलाचं आहे. भाषण बसवून द्या."

मला आधी कळेना की गावासमोर कशाला. तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गावातली एक मुलगी अकरावीला बाहेर वसतिगृहात गेली होती. तिथं तिला मेंदूत चढलेला मलेरिया झाला. वसतिगृहातून फोन लावत होते, पण गावात रेंजच नाही. अकरा दिवस गावाला पत्ता नव्हता. मुलगी वाचली, पण परत आली ती मुकाट झालेली, पुन्हा पुस्तक काही तिनं हाती धरलं नाही. तेव्हा गावानं बसून ठरवलं की दहावीनंतर पोरीला बाहेर पाठवायचं नाही. तिच्या गावात अशा गोष्टी हात वर करून, बहुमतानं ठरत नाहीत. सगळे हो म्हणाले तरच हो. आणि जे असं ठरलं ते मोडायचं तर पुन्हा सगळ्यांनीच हो म्हणायला पाहिजे. बापाची तयारी होती. पण बाप म्हणत होता, मी एकटा गावाच्या शब्दाबाहेर कसा जाऊ?

माझं पित्त खवळलं. एका पोरीला ताप आला म्हणून साऱ्या पोरींची शाळा बंद, हा कुठला न्याय? मी म्हटलं, "तू काळजी करू नको. असं भाषण बसवते की गाव तुला खांद्यावर घेऊन सोडायला येईल." बोलणाऱ्याची बोरं विकतात, हे मी जन्मभर ऐकत आले होते. माझ्याकडे तर आंबा होता.

आठ दिवस आम्ही घासलं. भाषण मराठीत. माडिया मला कामापुरतीच येते, आणि जे मला तपासता येत नाही ते मी तिला बोलू देणार नव्हते. गावात मराठी सगळ्यांना समजते, मग काय हरकत आहे? ती एकदा हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या इथी बसून बोलतेत."

"बसून भाषण होतं का कुठं?" मी म्हटलं.

ती उभी राहिली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

सभा सकाळची होती, गोटुलात. गोटुल म्हणजे गावाची बसायची जागा, वर छप्पर, बाजू मोकळ्या, खाली सारवलेली जमीन. मी स्कूटी नाल्याच्या अलीकडे लावली आणि चप्पल हातात घेऊन पलीकडे गेले. लोक जमलेच होते. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, आणि सगळे मिळून गोल. तिथं माझं पहिलं गणित चुकलं. गोलात शेवटची रांग नसते. पोरगी मधोमध उभी राहिली, आणि शेवटच्या रांगेकडे पाहायचं शिकवलेलं असल्यामुळे टेबलफॅनसारखी इकडून तिकडे फिरायला लागली.

"अध्यक्ष महोदय," तिनं सवयीनं सुरुवात केली, आणि साऱ्या गोटुलानं मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. कोणी साहेब आला की काय म्हणून. दुसरी कोणी असती तर तिथंच कोलमडली असती, पण ही माझी पोरगी. एक श्वास घेतला आणि अशी बोलली, अशी बोलली, की मला माझेच रोम उभे राहिलेले दिसत होते. पाणी, ताप, दवाखाना, दूरचा रस्ता, आपल्या गावची स्वतःची नर्स. तीनदा, जिथं जिथं यायला पाहिजे तिथं तिथं. मग तो मोठा प्रश्न आला. "एक मुलगी आजारी पडली, म्हणून साऱ्या मुलींनी घरी बसायचं का?"

बायांमधून एक बाई सरसावली. तिनं गालातला तंबाखू काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "हे पाय माय, मी सांगतो..." ही त्या आजारी पडलेल्या मुलीची आई. मला ते ठाऊक होतं. पण भाषणात मध्येच कोणी बोलायला लागलं तर सगळी लय मोडते, म्हणून मी तिच्याकडे पाहून हसले आणि ओठावर बोट ठेवलं. पोरगी अडखळून माझ्याकडे पाहत होती. मी हातानं खूण केली, चालू ठेव. तिनं मूठ आवळली आणि म्हणाली, "नाही. कदापि नाही."

भाषण संपलं आणि टाळ्या पडल्या. थोड्याथोडक्या नाही, सगळ्यांनी वाजवल्या, म्हाताऱ्यांनीसुद्धा, लहान पोरांनीसुद्धा. गावाचा मान ज्याच्याकडे तो म्हातारा भूमिया दोन्ही हात वर करून वाजवत होता. एका बाईनं मला कोरा चहा आणून दिला. मला वाटलं, जिंकलं. मी त्या चहाचा एकेक घोट असा घेतला की जसं काही मीच आमदारकीला निवडून आले.

परतताना ती नाल्यापर्यंत सोडायला आली. मी बडबडत होते. सोमवारी फॉर्म भरू, दाखला काढू, शनिवार शेवटची तारीख आहे, शुक्रवारीच कॉलेजला देऊन येऊ. ती नाल्याच्या दगडावर बसली आणि रडायला लागली.

"मॅडम, झालं," ती म्हणाली. "टाळ्या वाजवल्या."

"वाजवल्या म्हणूनच तर," मी म्हटलं.

"आमी टाळ्या साहेबाले वाजवतो, मॅडम. साहेब येते, उभा राहून बोलते, मंग टाळ्या वाजवतो. मंग तो जाते. मंग आमी बसतो न बोलतो."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला तेव्हा तोंडचं पाणी पळालं. लसीकरणवाले येतात, निवडणुकीवाले येतात, जनजागृतीवाले येतात, प्रत्येकाचं भाषण होतं, प्रत्येकाला टाळ्या मिळतात, आणि प्रत्येक जण खूश होऊन गाडीत बसतो. टाळी म्हणजे तुमचं झालं, आता निघा. आपल्या माणसाला ते टाळी वाजवत नाहीत. आपल्या माणसाचं पटलं तर दुसरा कोणी तेच वाक्य आपल्या तोंडानं म्हणतो, मग तिसरा म्हणतो, असं गोल फिरून यायला लागतं. तिचं एकही वाक्य कोणी तोंडात घेतलं नव्हतं.

"तुला मालूम होतं ना हे?" मी चिडून म्हटलं. "मग आधी काऊन नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं, मॅडम. बसून बोलतेत म्हणून."

मी स्कूटीला किक मारली, ती सुरू होईना. पुन्हा मारली. तिच्यावर राग काढता येत नव्हता आणि स्वतःवर काढायची मला सवय नाही, तेव्हा तो त्या स्कूटीवर निघाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या गावी गेले, भांडायला. तयारी करून गेले होते, तीन मुद्दे मनात बांधून. भूमिया अंगणात मासे धरायचा बांबूचा सापळा विणत बसला होता. मला खाट दिली. मी खाटेवर बसले नाही, उभीच राहिले, आणि सुरू झाले. पोरगी हुशार आहे, वर्ष वाया जाईल, एका चुकीची शिक्षा सगळ्यांना कशाला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हातातली कामटी सोडली नाही.

"पोरगी चांगली बोलली, बाई," तो म्हणाला. "पण आमाले काई विचारलं नाई तिनं."

"विचारलं ना, भाऊ. मोठा प्रश्न विचारला."

"विचारलं न उत्तर बी तिनंच देल्लं. मंग आमी कायले पाहिजे होतो? आमच्या इथी विचारलं त थांबा लागते. ती बाई बोलून राह्यली होती. दोन वर्षं झाले, तोंड उघडलं नाई तिनं सभेत. काल उघडलं." मग तो सापळ्यातून डोळे वर करून म्हणाला, "तुमी बोट ठेवलं."

लाज वाटली. खरंच सांगते, जमीन दुभंगावी असं पुस्तकात वाचलं होतं, ते त्या अंगणात कळलं. तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, मग आज बसवा ना सभा, उद्या बसवा, शनिवारच्या आत. तर म्हणतो, "रोवणं सुरू झालं, बाई. रोवण्यात कोण बसते? रोवणं झालं का बसू." मी म्हटलं, भातलावणी असेल, पण शनिवार थांबत नाही. तो म्हणाला, धान बी थांबत नाई. आणि पुन्हा विणायला लागला. त्या म्हाताऱ्याचं बोलणं मला आजही पूर्ण पटलेलं नाही, हेही सांगून टाकते. सगळ्यांचं हो मिळेपर्यंत एका पोरीनं चिखलात उभं राहायचं, याला शहाणपण म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण बोट मी ठेवलं होतं, त्यानं नाही.

शनिवार गेला. मी हेडमास्तरांना सांगून पाहिलं, कॉलेजला फोन करून पाहिले, रिकाम्या जागांवर नंतर घेतात का म्हणून विचारलं. घेतात, पण तीही मुदत रोवणी संपायच्या आत संपली. मी एकदा रस्त्यावरून जाताना तिला धानाच्या बांधीत पाहिलं. गुडघाभर पाण्यात वाकून रोवत होती, बायांच्या रांगेत, मी जिला गप्प केलं त्या आईच्या शेजारी. मी हॉर्न वाजवला. तिनं वर पाहिलं, हात हलवला आणि पुन्हा वाकली. मी तशीच शाळेत जाऊन नववीच्या वर्गावर विनाकारण ओरडले.

रोवणी संपल्यावर सभा झाली. मला कोणी बोलावलं नाही. मी वाट पाहत होते, रविवारी साडीसुद्धा काढून ठेवली होती. सभा होऊन गेल्यावर आठ दिवसांनी पोरगी शाळेत दाखला न्यायला आली, पुढल्या साली लागेल म्हणून. पुढल्या साली हे शब्द ऐकून मी खुर्चीतून उठले.

"म्हणजे पाठवणार? काय बोलली तू? कसं पटवलं?"

"मी काई नाई बोलली, मॅडम. मोठीमायले विचारलं."

मोठीमाय म्हणजे तीच आई. हिनं बसल्या जागेवरून, माडियात, तिला एवढंच विचारलं होतं, की ते अकरा दिवस तू कुठं होती, काय करून राह्यली होती. आणि थांबली. ती बाई बराच वेळ जमिनीकडे पाहत बसली. कोणी खोकलंसुद्धा नाही. मग ती बोलली. त्या अकरा दिवसांत शेजारच्या गावी लग्न होतं. तिथं ती गेली होती. दोन रात्री नाचली होती. "माही पोर तापानं फणफणत होती, न मी नाचून राह्यली होती. मले मालूम असतं त मी पायी गेली असती." हे तिनं कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं तिला बाहेरच्या शाळेचा राग आहे. तिला त्या नाचाचा राग होता.

दुपार कलेपर्यंत ती बोलत होती म्हणे. आणि शेवटी तीच म्हणाली, ही पोरगी जाईल, पण आधी मी तिच्यासंग जाईन, कुठी निजते, कोण पाणी देते, ते पाहीन. आणि दर रविवारी गावातलं कोणी तरी टेकडीवर जाईल, जिथी रेंज येते तिथी, न फोन लावील. भूमियानं ते आपल्या तोंडानं म्हटलं. मग तिच्या बापानं म्हटलं. मग एकेक करून सगळ्यांनी. टाळी कोणी वाजवली नाही.

मी ऐकत होते आणि माझ्या डोक्यात काय चालू होतं सांगू? की हे भाषण मी बसवलं असतं तर किती सुंदर बसवलं असतं. नाचाचं वाक्य शेवटी ठेवलं असतं. खोड जात नाही म्हणतात ती ही. मग एकदम वाईट वाटलं, की एवढं सगळं झालं आणि मी तिथं नव्हते. बारा वर्षं पोरांना बोलायला शिकवते मी, आणि खरं बोलणं झालं तेव्हा मी खोलीवर साडीला इस्त्री करून बसलेली.

"मला काऊन नाही बोलावलं गं?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

तिनं माझ्या डोळ्यात पाहिलं, मी शिकवलं होतं तसंच.

"मॅडम, तुमी असते त मोठीमाय..."

"मी गप्प बसले असते," मी म्हटलं. "एक शब्द बोलले नसते. आता कळलंय मला. आणि तुझं वर्ष गेलं त्याचं मला काय वाटतं ते तुला नाही कळायचं, मी किती फोन केले, किती..."

माझं बोलणं संपेपर्यंत ती उभी होती. संपल्यावरही थोडा वेळ पाहत राहिली, अजून काही आहे का म्हणून. मोठीमायचं ते वाक्य मग तिनं पुरं केलंच नाही. रजिस्टर पुढं ओढलं आणि विचारलं, "मॅडम, सही कुठी करू?"